नुसते चालते घड्याळ पुरेसे नाही

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत कपाटाच्या एखाद्या खणात एचएमटीचे घड्याळ पडून असते. कुणाला ते मॅट्रिक पास झाल्याबद्दल मिळालेले, कुणाला लग्नात सासऱ्याने दिलेले, कुणी पहिल्या पगारातून घेतलेले. पट्टा कुजलेला, काच पिवळी पडलेली आणि काटे थांबलेले. अशी बहुतेक घड्याळे पुन्हा चालू होतात, त्यांचे यंत्र तेवढे दणकट आहे. मात्र घड्याळ चालू करणे हे एक काम आणि ते कारखान्यातून निघाले तसे पुन्हा उभे करणे हे दुसरे. या दुसऱ्या कामाला यंत्राची जाण लागते, अस्सल भाग शोधण्याची चिकाटी लागते आणि हात कुठे आवरायचा याची समजही लागते.

हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, ही सरकारी कंपनी १९५३ मध्ये बंगळूरला सुरू झाली, ती कारखान्यांना लागणारी यंत्रे बनवण्यासाठी. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिने मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. तिथल्या पहिल्या घड्याळांचे अनावरण पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते झाले. तोवर चांगले घड्याळ म्हणजे परदेशी घड्याळ, एकतर आयात केलेले, नाहीतर बंदरांतून चोरवाटेने आलेले. एचएमटीने चांगले घड्याळ मास्तरांच्या, कारकुनांच्या आणि कामगारांच्या मनगटावर आणले. जनता, पायलट, कोहिनूर, सोना, जवान अशी नावे घरोघरी रुळली. आपोआप किल्ली बसणारे ‘कांचन’ तर लग्नाच्या बोलण्यांत मागितले जाई. बंगळूरपाठोपाठ श्रीनगर, तुमकूर आणि नैनितालजवळच्या राणीबागेतही कारखाने निघाले. १९८४ मध्ये टायटन स्थापन झाली, क्वार्ट्झची घड्याळे बाजारात भरली आणि किल्लीच्या घड्याळांचा काळ ओसरू लागला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. कारखाने थांबले आणि सुट्या भागांचा नियमित पुरवठाही आटला. त्यामुळे आज देशात जेवढे जुने अस्सल भाग शिल्लक आहेत, तेवढ्यांवरच भागवायचे आहे.

‘जनता’ आणि ‘पायलट’ यांच्या पोटात सहसा ०२३१ क्रमांकाचे यंत्र असते. त्याचा आराखडा मुळात सिटिझनचा. ते हाताने किल्ली द्यायचे, १७ ज्वेलचे. ज्वेल म्हणजे कृत्रिम माणके, चाकांच्या आसांची टोके त्यांत फिरतात म्हणजे झीज कमी होते. किल्ली दिली की पेटीतली मेनस्प्रिंग आवळते आणि तिची ताकद चाकांच्या साखळीतून एस्केप चाकापर्यंत पोचते. तिथे पॅलेट एकेक दात अडवतो आणि सोडतो. बॅलन्सचे चाक केसासारख्या हेअरस्प्रिंगवर मागेपुढे झुलते, तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. डायलवर ‘पॅराशॉक’ असे लिहिलेले असेल तर बॅलन्सच्या टोकांना धक्का शोषणारी स्प्रिंग असते. ही युक्ती सिटिझनची. ती लोकांना पटवण्यासाठी कंपनीने जपानमध्ये हेलिकॉप्टरमधून घड्याळे खाली टाकून जाहीर चाचण्या केल्या होत्या.

वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या घड्याळात बहुधा मोडलेले काहीच नसते, तेल वाळलेले असते. म्हणून जाणता घड्याळजी वरून तेलाचा थेंब सोडून ते चालू करत नाही. जुन्या चिकट तेलात धूळ बसलेली असते, नवे तेल तिला भिजवून आसांवर घासायला लावते. यंत्र पूर्ण उघडून, भाग सुटे करून धुवावे लागते. मेनस्प्रिंगची उरलेली ताकद आधी सावकाश सोडावी लागते, नाहीतर चाकांचे दात जाऊ शकतात. मग प्रत्येक जागेला तिचे तेल. बॅलन्ससारख्या वेगाने फिरणाऱ्या टोकांना मोबियस ९०१० सारखे पातळ, पेटीजवळच्या सावकाश फिरणाऱ्या जड चाकांना दाट, किल्लीच्या दांड्याला ग्रीस. पॅलेटच्या आसाला मात्र तेल द्यायचेच नाही. तेलाचा थेंब ज्वेलच्या वाटीत मावेल एवढाच हवा. जास्त झाला तर तो पसरतो आणि जिथे नको तिथे जातो. हे सगळे डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने, श्वास आवरून करायचे असते. बॅलन्सच्या आसाची टोके जेमतेम दशांश मिलिमीटर जाडीची, चिमटा थोडा तिरका लागला तरी वाकतात.

खरी कसोटी लागते ती भाग बदलताना. बॅलन्सचा आस तुटलेला असतो, किल्लीचा दांडा गंजलेला असतो, काटे भलत्याच घड्याळाचे लागलेले असतात. मग शोध सुरू होतो. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोरबाजार आणि गावोगावच्या म्हाताऱ्या घड्याळजींचे पत्र्याचे डबे. या डब्यांत चाके, दांडे, काचा आणि स्क्रू पुड्या बांधून ठेवलेले असतात, पुडीवर यंत्राचा क्रमांक पेनने लिहिलेला. कारखान्याचे न उघडलेले पाकीट हाती लागले तर नशीबच. बहुतेकदा एक घड्याळ वाचवायला दुसरे सोडावे लागते. ज्याची केस गंजून गेली आहे पण यंत्र शाबूत आहे, असे घड्याळ केवळ भागांसाठी विकत घेतात.

भाग बसला म्हणजे तो बरोबर झाला, असेही नाही. काट्यांचेच पाहा. काट्याचे भोक आसावर घट्ट बसले तरी लांबी तपासावी लागते. मिनिटकाट्याचे टोक मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचायला हवे, तासकाटा आकड्यांच्या आतल्या कडेशी थांबायला हवा. आखूड मिनिटकाटा दिसला की तो दुसऱ्या कुठल्या घड्याळातून आला आहे, हे जाणकाराला लगेच कळते. डायललाही मागे दोन बारीक पाय असतात आणि ते यंत्राच्या दोन ठरावीक भोकांत बसतात. ज्याची डायल पाय कापून डिंकाने चिकटवली आहे, ते घड्याळ दोन-तीन घड्याळांचे तुकडे जोडून केलेले असण्याची शक्यता फार.

सगळ्यात मोठे नुकसान डायलचेच झाले आहे. पायलटचा ओळखीचा चेहरा म्हणजे काळी डायल आणि पांढरे आकडे. बाजारात मात्र तिच्या भडक पिवळ्या, निळ्या, केशरी आवृत्त्यांचा सुकाळ आहे. जुनी डायल खरवडून, रंग मारून, वर नव्याने छापलेली असते. अक्षरे जाड आणि कडांना फुटलेली दिसतात, मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या मधोमध येत नाहीत, तळाचा बारीक मजकूर गळलेला असतो. कधी डायलच्या कडेला खाच असते, छापताना सरळ धरता यावी म्हणून केलेली. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराच्या नावाला चिकटलेली ही ओळख मनाला लागते.

तरी जोडाजोड करणाऱ्या कारागिराला मी दोष देणार नाही. त्याच्या दुकानात येणाऱ्याला सकाळी कामावर जायचे असे, त्याला चालणारे घड्याळ हवे असे आणि खिशात पैसे थोडे असत. मिळेल तो दांडा, मिळेल तो काटा लावून घड्याळजीने त्याची गरज भागवली. ते काम प्रामाणिकच होते. अप्रामाणिकपणा सुरू होतो तो रंगवलेले, जुळवलेले घड्याळ ‘अस्सल, कारखान्यातले’ म्हणून विकण्यापासून.

म्हणून ज्यांच्या घरी असे घड्याळ आहे, त्यांनी दुरुस्तीला देताना काही गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. डायलला हात लावायचा नाही, पुसायचीही नाही, कारण वरची छपाई ओल्या कापडाने उडू शकते. डाग, पिवळेपणा असू द्यावा. केसला इतके पॉलिश नको की कडांची धार जाईल. काच बदलायला हरकत नाही, ती घासणारी, फुटणारीच वस्तू आहे. आणि जो भाग बदलला जाईल तो मोडका असला तरी पुडीत घालून परत मागावा, काय बदलले ते चिठ्ठीवर लिहून घ्यावे. पुढे कधी योग्य भाग सापडला, तर ती चिठ्ठीच वाट दाखवते. देवनागरी आकड्यांची ‘जनता’ किंवा सैन्यासाठी बनलेले ‘जवान’ घरात असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

दुसरी गोष्ट घड्याळजींची. गावोगावची जुनी दुकाने मोबाइलच्या दुकानांना जागा देत आहेत. दुकान बंद होताना पत्र्याचे डबे भंगारात जातात आणि कुठल्या पुडीतला दांडा कुठल्या यंत्राला लागतो, हे ज्ञानही त्यांच्याबरोबर जाते. ज्या तरुणांना या कामाची ओढ आहे त्यांनी आधी अशा एखाद्या घड्याळजीशेजारी बसून शिकावे, त्याच्या पुड्यांची यादी करावी आणि त्याने परवानगी दिली तर त्याचे डबे विकत घ्यावेत. उरलेली अस्सल घड्याळे पुढच्या पिढीच्या मनगटावर चालायची असतील तर त्यांचे भाग आणि ते ओळखणारे हात, दोन्ही सांभाळावे लागतील.