खारफुटी वनांचे पुनरुज्जीवन आणि वनस्पती-विविधता : पिचावरमचा अनुभव

प्रस्तावना :
भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या वनस्पतिसमूहास खारफुटी अथवा कांदळवन म्हणतात. ऱ्हास पावलेल्या कांदळवनाच्या पुनरुज्जीवनाचे यश बहुधा लावलेल्या रोपांच्या संख्येवरून ठरविले जाते. परंतु हिरवे आच्छादन परत येणे आणि वनस्पती-विविधता परत येणे या दोन भिन्न गोष्टी होत. तमिळनाडूतील पिचावरमच्या आधारे हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

ऱ्हासाचे कारण :
पिचावरम येथे ब्रिटिश काळात सुरू झालेली सरसकट वृक्षतोड १९७० च्या दशकापर्यंत चालली. उघडी पडलेली जमीन उन्हाने सुकून खचली व तिला परातीसारखा खोलगट आकार आला. भरतीचे पाणी आत शिरे, पण ओहोटीबरोबर बाहेर पडत नसे. साचलेल्या पाण्याचे बाष्पीभवन होऊन मातीतील क्षारता इतकी वाढली की नवी रोपे रुजेनात. त्यामुळे तोड थांबल्यावरही वन आपोआप परतले नाही.

उपाययोजना :
१९९० च्या दशकात एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान, वन विभाग व ग्रामस्थ यांनी येथे एकत्रित काम सुरू केले. माशाच्या काट्याप्रमाणे एक मुख्य कालवा व त्याला तिरपे जोडलेले उपकालवे खोदण्यात आले. पाण्याची ये-जा सुरू होऊन क्षार धुपले. त्यानंतर रोपे लावण्यात आली. ओसाड जमीन पुन्हा हिरवी झाली.

विविधतेचा प्रश्न :
तथापि या लागवडीत तिवराचेच प्राबल्य राहिले. तिवर अधिक क्षारता सहन करतो, म्हणून तो सहज जगतो. कांदळास मात्र नियमित भरतीचे पाणी व तुलनेने कमी क्षारता लागते. त्याचे बीज झाडावरच अंकुरते व पाण्यावर तरंगत नव्या जागी पोहोचते. त्यामुळे जवळपास मातृवृक्ष नसल्यास पाण्याचा मार्ग मोकळा करूनही ती जाती आपोआप येत नाही. तिची रोपे योग्य उंचीच्या जागी मुद्दाम लावावी लागतात.

महाराष्ट्राच्या संदर्भात :
मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनांच्या नाशास मनाई केली व नष्ट झालेल्या क्षेत्राच्या पुनर्स्थापनेवर भर दिला. ठाणे खाडीतही तिवराचेच प्राबल्य आहे. अशा ठिकाणी केवळ तिवर लावून क्षेत्र भरून काढल्यास नोंदवहीत वन वाढेल. पण चिपी, कांदळ, काजळा यांची उणीव तशीच राहील.

निष्कर्ष :
पुनरुज्जीवनाचा क्रम प्रथम पाणी, नंतर माती व शेवटी रोप असा असावा. यशाचे मोजमाप करताना जगलेल्या रोपांबरोबरच जातींची संख्या व नैसर्गिक रुजवण यांचीही नोंद व्हावी. किनारपट्टीवरील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांना ही नोंद वर्षानुवर्षे ठेवता येईल. मोठ्या खर्चाविना होऊ शकणारे हे काम झाले नाही, तर एकजातीय लागवडीलाच आपण वन म्हणत राहू.