लिसेउ, पणजी

पोर्तुगीज राजवटीत पणजी येथे असलेले शासकीय माध्यमिक विद्यालय. ‘लिसेउ’ ही संज्ञा ॲरिस्टॉटलच्या अथेन्समधील लायसीअम या विद्यापीठाच्या नावावरून आली आहे. पोर्तुगालमध्ये १८३६ च्या शिक्षणसुधारणेने अशा विद्यालयांचा पाया घातला. गोव्यातील लिसेउ १८५४ मध्ये स्थापन झाले. पुढे त्यास आफोंसू द आल्बुकेर्क याचे नाव देण्यात आले. आल्तिनो टेकडीवरील त्याची वास्तू प्रसिद्ध आहे.

अध्यापनाचे माध्यम पोर्तुगीज होते. मात्र मराठीच्या अध्यापनाचीही सोय होती. पोर्तुगालमधील विद्यापीठांत वा पणजीच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश मिळविण्याचा, तसेच शासकीय सेवेत शिरण्याचा हा प्रमुख मार्ग असे. पोर्तुगालमध्ये १९१० मध्ये प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर हिंदूंनाही शिक्षण व नोकऱ्या यांची दारे अधिक खुली झाली. तथापि बहुसंख्य जनतेची भाषा कोकणी असल्याने लिसेउचा लाभ मर्यादित वर्गालाच झाला. खेड्यापाड्यांत खाजगी मराठी शाळा चालत, तर अनेक विद्यार्थी खाजगी इंग्रजी शाळांतून मुंबईच्या मॅट्रिक परीक्षेस बसत.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. राज्यकारभाराची भाषा बदलताच लिसेउचे प्रयोजन उरले नाही व त्याचा शिक्षणक्रम बंद झाला. उच्च शिक्षणाची वाट लिस्बनऐवजी मुंबई-पुण्याकडे वळली. पोर्तुगीज माध्यमातून शिकलेल्यांना इंग्रजीशी नव्याने जुळवून घ्यावे लागले. या वास्तुसंकुलात मुंबई उच्च न्यायालयाचे गोवा खंडपीठ २०२१ पर्यंत होते.