बिनतारी दत्तांश टर्मिनल

दूरध्वनीची किंवा प्रकाशीय तंतूची तार घरापर्यंत न आणता रेडिओ तरंगांच्या साहाय्याने संगणकीय माहितीची देवघेव करणारे, टेबलावर किंवा भिंतीवर कायम ठेवावयाचे उपकरण. अशा माहितीस दत्तांश ही संज्ञा असून व्यवहारात तीस डेटा म्हणतात. मोबाइल दूरध्वनीप्रमाणेच हे उपकरण मनोऱ्यावरील तळकेंद्राशी संपर्क साधते. मात्र ते एकाच जागी राहत असल्यामुळे त्यास बाहेरचा मोठा आकाशक (रेडिओ तरंगांचे प्रेषण व ग्रहण करणारा भाग) जोडता येतो, त्याची दिशा निश्चित करता येते व त्यास अखंड विद्युत् पुरवठा देता येतो. खिशातील दूरध्वनीस जो संदेश अधूनमधून मिळतो तो यामुळे स्थिर व खात्रीचा होऊ शकतो. हा लाभ उपकरणाच्या किंमतीपेक्षा ते कोठे व कसे बसविले यावर अधिक अवलंबून असतो. डोंगराळ व वनव्याप्त प्रदेशात याचा विशेष प्रत्यय येतो. नांदेड जिल्ह्यातील माहूर परिसर हे अशा प्रदेशाचे चांगले उदाहरण असल्याने पुढील विवेचन त्याच्या अनुषंगाने केले आहे.

इतिहास : संगणकाची टर्मिनले रेडिओद्वारे जोडण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयोग हवाई विद्यापीठात झाला. बेटाबेटांवर विखुरलेली केंद्रे तारेने जोडणे अवघड असल्याने नॉर्मन एब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेले अलोहानेट हे जाळे १९७१ मध्ये कार्यान्वित झाले. माहितीचे छोटे छोटे पुडके करून एकाच रेडिओ पट्ट्यावर अनेकांनी ते पाठविणे, हे त्याचे तत्त्व पुढील सर्व बिनतारी जाळ्यांना मार्गदर्शक ठरले.

भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (स्थापना १९७६) १९८० नंतरच्या दशकात निकनेट हे उपग्रहावर आधारलेले जाळे उभारून जिल्ह्यांची ठिकाणे दिल्लीशी जोडली. त्याखालच्या पातळीवर, म्हणजे गावापर्यंत, रेडिओद्वारे प्रामुख्याने केवळ ध्वनी पोहोचत होता. मद्रास (चेन्नई) येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेतील अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने विकसित केलेल्या कॉरडेक्ट या प्रणालीने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. तीत भिंतीवर बसविलेल्या संचातून संभाषण चालू असतानाच दर सेकंदास ३५ किलोबिट, तर संभाषण नसताना ७० किलोबिट इतका दत्तांश मिळे. दृष्टिरेषा मोकळी असल्यास तिचा पल्ला सु. १० किमी. व मध्यस्थ केंद्र वापरल्यास सु. २५ किमी. होता. २००० नंतर सीडीएमए पद्धतीची स्थिर बिनतारी टर्मिनले देशभर प्रचारात आली. संगणकास जोडून # ७७७ हा क्रमांक फिरविला की दर सेकंदास जास्तीत जास्त सु. १५० किलोबिट इतका वेग त्यांतून मिळू शके. २०१० नंतरच्या दशकात या सेवा बंद होत गेल्याने ती टर्मिनले निरुपयोगी झाली. चौथ्या पिढीची सेवा भारतात २०१२ मध्ये व पाचव्या पिढीची ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. पाचव्या पिढीच्या जाळ्यावरून घरोघर स्थिर बिनतारी जोडणी देण्यास खाजगी कंपन्यांनी २०२३ मध्ये प्रारंभ केला.

घटक : टर्मिनलात रेडिओ प्रेषक-ग्राही, दत्तांशाचे रेडिओ तरंगांवर आरोपण करणारा व ग्रहण केलेल्या तरंगांतून तो वेगळा काढणारा मोडेम, ग्राहकाची ओळख पटविणारे सिमकार्ड आणि संगणकांना जोडणी वाटून देणारा राउटर हे मुख्य भाग असतात. त्याच्या मागील बाजूस संगणकाची केबल, विद्युत् पुरवठा व बहुधा बाह्य आकाशक यांसाठी जोडण्या असतात. टर्मिनल कोणत्या कंप्रता-पट्ट्यांवर चालते हे खरेदीपूर्वी पाहणे अगत्याचे असते. भारतात चौथ्या पिढीसाठी ८५०, ९००, १८०० व २३०० मेगॅहर्ट्‌झ इ. पट्टे वापरले जातात. गावाकडे येणारा संदेश ज्या पट्ट्यात आहे तो पट्टा उपकरणात नसल्यास पुढील सर्व खटाटोप व्यर्थ ठरतो.

जागेची निवड : रेणुकादेवीचे मंदिर, दत्तशिखर, अनसूया शिखर व किल्ला ही माहूरची प्रसिद्ध स्थाने वेगवेगळ्या उंचवट्यांवर असून त्यांच्यामध्ये दऱ्या व घळी आहेत. वस्त्या बहुधा पायथ्याशी किंवा खोलगट भागात असतात. रेडिओ तरंग डोंगरामुळे अडतात. कडेवरून वळून (विवर्तनाने) त्यांचा काही अंश पलीकडे उतरतो. कंप्रता जितकी कमी तितके हे वळणे अधिक असते. कंप्रता वाढली की मोकळ्या अवकाशातही त्याच प्रकारच्या आकाशकास कमी शक्ती मिळते. ७०० मेगॅहर्ट्‌झऐवजी ३,५०० मेगॅहर्ट्‌झ वापरल्यास, म्हणजे कंप्रता पाचपट केल्यास, मिळणारी शक्ती सु. पंचविसाव्या हिश्श्याइतकी उरते. म्हणून दरीतील वस्तीस कमी कंप्रतेचा पट्टा अधिक उपकारक ठरतो.

यावरून निघणारा व्यावहारिक नियम असा की, जवळचा मनोरा हा नेहमीच उत्तम मनोरा नव्हे. एक किमी.वरील पण टेकडीआड असलेल्या मनोऱ्यापेक्षा दरीच्या तोंडातून समोर दिसणारा आठ-दहा किमी.वरील मनोरा पुष्कळदा अधिक चांगला संदेश देतो. दृष्टिरेषा केवळ डोळ्यांना मोकळी असून भागत नाही. तिच्याभोवतीचा काही अवकाशही मोकळा असावा लागतो. १० किमी. अंतर व ८५० मेगॅहर्ट्‌झ कंप्रता असल्यास मार्गाच्या मध्यावर या अवकाशाची त्रिज्या सु. ३० मी. असते व तिचा निदान साठ टक्के भाग, म्हणजे सु. १८ मी., अडथळ्यांपासून मुक्त असावा लागतो.

किनवट-माहूरच्या जंगलात सागाचे प्राबल्य आहे. साग पानगळीचा वृक्ष असल्याने उन्हाळ्यात निष्पर्ण झालेल्या झाडांतून सहज येणारा संदेश पावसाळ्यात पाने फुटली व भिजली म्हणजे क्षीण होतो. यामुळे एप्रिलमध्ये समाधानकारक वाटलेली जोडणी जुलैमध्ये तुटू लागते व दोष नसताना उपकरणास बोल लागतो. उभारणी उन्हाळ्यात केल्यास शक्तीची काही शिल्लक गृहीत धरणे आणि शक्यतो आकाशक झाडांच्या शेंड्यांपेक्षा वर नेणे हे यावरील उपाय होत.

आकाशक व केबल : प्रथम टर्मिनल घराच्या निरनिराळ्या खिडक्यांत व छपरावर ठेवून संदेशाची शक्ती मोजतात. ती उपकरणाच्या नियंत्रण-पानावर ऋण डेसिबेल-मिलिवॉटमध्ये दाखविली जाते. चौथ्या पिढीत –८० च्या आसपासचे मूल्य उत्तम, –१०० चे मध्यम व –११५ च्या खालचे दुर्बल समजतात. ही मोजपट्टी लॉगरिथमीय असल्याने –८० व –११० यांतील फरक तीस अंकांचा दिसला, तरी प्रत्यक्षात तो हजारपटींचा असतो. पत्र्याचे छप्पर तरंगांना जवळजवळ पूर्णपणे अडविते. म्हणून अशा घरात बाह्य आकाशक घेणे बहुधा अपरिहार्य ठरते.

बाह्य आकाशक दिशानिष्ठ असावा. तो खांबावर सैलसर बसवून अंशाअंशाने फिरवितात, प्रत्येक स्थितीत मिनिटभर थांबून मूल्य टिपतात व सर्वोत्तम दिशेस घट्ट आवळतात. टर्मिनलास दोन आकाशक जोडावयाचे असल्यास ते परस्परांशी काटकोन करून तिरपे बसवितात, म्हणजे दोन स्वतंत्र प्रवाह मिळून वेग वाढतो. केबलकडे मात्र बहुधा दुर्लक्ष होते. बारीक समाक्ष केबलीत ८५० मेगॅहर्ट्‌झला दर मीटरमागे अर्ध्या डेसिबेलाहून थोडे अधिक क्षीणन होते. अशी १५ मी. केबल वापरल्यास ८-९ डेसिबेल हानी होऊन चांगल्या आकाशकाचा सारा लाभ नाहीसा होतो. जाड, कमी हानीची केबल वापरणे किंवा टर्मिनलच आकाशकाजवळ सुरक्षित पेटीत ठेवून तेथून संगणकाची केबल खाली आणणे हे पर्याय श्रेयस्कर होत. बाहेरील सर्व सांधे जलरोधक फितीने गुंडाळावेत.

विद्युत् पुरवठा व तडित्‌संरक्षण : टर्मिनल १२ व्होल्टवर सु. एक अँपिअर प्रवाह घेते असे धरल्यास १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास क्षमतेची घटमाला हिशेबाने सात तास पुरेल. शिसे-अम्ल घटमाला पूर्ण रिकामी करणे हितावह नसल्याने प्रत्यक्षात चार-पाच तासांचीच अपेक्षा ठेवावी. मराठवाड्यात वळवाच्या पावसाच्या दिवसांत विजा मोठ्या प्रमाणावर पडतात. म्हणून खांबास स्वतंत्र भूसंपर्क देणे, केबल घरात शिरते तेथे तडित्‌रोधक बसविणे व वादळाच्या वेळी केबल काढून ठेवणे आवश्यक असते.

नोंदणी व संरूपण : उपकरणात आवश्यक ती मूल्ये भरण्याच्या क्रियेस संरूपण म्हणतात. टर्मिनल बंद असताना सिमकार्ड बसवावे. कार्डास गुप्त अंक असल्यास तो सलग तीनदा चुकल्यावर कार्ड अडविले जाते व ते सोडविण्यास कंपनीकडील दुसरा अंक लागतो. नंतर संगणक केबलीने जोडून न्याहाळकात उपकरणाच्या तळाशी छापलेला पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१) दिला असता नियंत्रण-पान उघडते. त्यात प्रथम कारखान्याने दिलेला परवलीचा शब्द बदलावा. तो सर्वांना ठाऊक असल्याने तसाच ठेवणे धोक्याचे असते. पुढे दत्तांश-जाळ्याच्या प्रवेशबिंदूचे नाव भरतात. हे नाव प्रत्येक कंपनीचे वेगळे असते व त्यात एक अक्षर चुकले तरी संदेश असूनही दत्तांश मिळत नाही. घरातील बिनतारी जोडणीस दुसऱ्या किंवा तिसऱ्या आवृत्तीचे डब्ल्यूपीए कूटन व स्वतंत्र परवलीचा शब्द देऊन संरूपण पूर्ण करतात.

सीमाभागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. किनवट तालुक्याची हद्द तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यास भिडते. दूरसंचार परवान्यांच्या दृष्टीने महाराष्ट्र व आंध्र प्रदेश (तेलंगणासह) ही वेगळी मंडले आहेत. टर्मिनलाने पलीकडचा मनोरा धरला आणि परमंडल-सेवा संरूपणात बंद असली, तर दत्तांश थांबतो. अशा वेळी जाळ्याची निवड स्वयंचलित न ठेवता हाताने करावी किंवा ती सेवा चालू करावी.

पडताळणी व दोषनिदान : दोष शोधताना क्रम सोडू नये. प्रथम संदेशाची शक्ती, नंतर जाळ्यावरील नोंदणी, मग दत्तांश-जोडणी व शेवटी वेग तपासावा. शक्ती नसल्यास जागा किंवा आकाशक, शक्ती असून नोंदणी नसल्यास सिमकार्ड किंवा पट्टा, नोंदणी असून दत्तांश नसल्यास प्रवेशबिंदू किंवा मंडल यांत दोष संभवतो. शक्ती उत्तम असून वेग मंद असल्यास दोष बहुधा घरात नसतो. मनोऱ्याची क्षमता त्या क्षेत्रातील सर्व वापरणाऱ्यांत वाटली जाते. नवरात्रात व दत्तजयंतीस माहुरास यात्रेकरूंची गर्दी झाली म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याचा वेग घटणे स्वाभाविक असते. म्हणून वेगाची चाचणी पहाटे, दुपारी व रात्री घेऊन मूल्यांची तारीखवार नोंद ठेवावी. सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार करताना अशी नोंद उपयोगी पडते.

उपयोग व मर्यादा : बँकेचे प्रतिनिधी, आपले सरकार सेवा केंद्रे, आरोग्य उपकेंद्रे व शाळा यांना अशा टर्मिनलाचा उपयोग होतो. शिधावाटप दुकानात बोटाच्या ठशावरून लाभार्थीची ओळख पटविणाऱ्या यंत्रासही, त्यात तशी सोय असल्यास, टर्मिनलाद्वारे जोडणी पुरविता येते. तेथे संपर्क तुटणे ही केवळ गैरसोय राहत नाही. धान्यासाठी मजुरी बुडवून आलेल्या माणसास रिकामी पिशवी घेऊन परतावे लागते. आकाशक योग्य दिशेस वळविण्यासाठी घालविलेल्या एका तासाचे मोल यावरून लक्षात येते.

प्रकाशीय तंतूइतका वेग व स्थैर्य बिनतारी टर्मिनल देऊ शकत नाही, तसेच जेथे कोणत्याही मनोऱ्याचा संदेश मुळीच पोहोचत नाही तेथे आकाशकाने तो निर्माण करता येत नाही. अशा गावांसाठी नवे मनोरे उभारण्याची योजना केंद्र शासनाने जुलै २०२२ मध्ये मंजूर केली. मनोरा उभा राहिल्यावरही दरीच्या तळाशी असलेल्या घरापर्यंतचा शेवटचा टप्पा पुष्कळदा टर्मिनल, खांब व केबल यांच्या योग्य मांडणीनेच पूर्ण होतो.