मूकपट पळतात कशामुळे?

मोबाईलवर चॅप्लिन पाहताना अमरावती-अकोल्याकडची पोरं हमखास विचारतात, “हा इतका तुरुतुरु काहून चालते?”

दोष बहुधा वेगाचा. तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवत. सेकंदाला साधारण 16 ते 20 चित्रं टिपली जात. बोलपट आले, आवाज फाटू नये म्हणून वेग 24 वर पक्का झाला. 16 च्या वेगानं टिपलेला 9 मिनिटांचा प्रसंग 24 च्या वेगानं 6 मिनिटांत उरकतो. अर्थात विनोदवीरही लबाड. पाठलागासाठी दांडा मुद्दाम सावकाश फिरवून घेत.

सगळीच करामत वेगाची नव्हे. 1928 च्या ‘स्टीमबोट बिल ज्युनिअर’ या मूकपटात घराची अख्खी दर्शनी भिंत विनोदवीर बस्टर कीटनवर कोसळते, खिडकीच्या मोकळ्या चौकटीमुळे तो वाचतो. भिंत खरीखुरी, वजनदार. हा प्रसंग मोबाईलच्या छोट्या पडद्यावर नकाच पाहू.