बार्शी लाईटच्या वाघिणीवरचे रिव्हेट

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ ही पाण्याची गाडी पहिल्यांदा लातूरला पोचली तेव्हा तिला दहा टाक्या जोडलेल्या होत्या. प्रत्येक टाकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे एका खेपेत पाच लाख लिटर पाणी आलं. एरवी फाटकावर उभं राहून कंटाळत डबे मोजायचे एवढाच मालगाडीशी संबंध असलेल्या लातूरकरांनी त्या दिवशी ती डोळे भरून पाहिली. या गाडीची छोटी प्रतिकृती करावी असं कुणाच्या मनात आलं, तर १:८७ या प्रमाणात तिची एक वाघीण, म्हणजे मालगाडीचा एक डबा, साधारण १४ सेंटिमीटर लांबीची होईल. ती करायला बसल्यावर एक प्रश्न लगेच समोर येतो: टाकीच्या अंगावर रिव्हेट दाखवायचे का?

दाखवायचे नाहीत. ‘जलदूत’च्या टाक्या बीटीपीएन प्रकारच्या, मुळात पेट्रोलियम पदार्थांसाठी बनवलेल्या. त्यांचे पत्रे वेल्डिंगनं सांधलेले असतात. त्या गुळगुळीत अंगावर हौसेनं ठिपक्यांची रांग काढली, तर मॉडेल दिसायला भरगच्च होईल, पण गाडी वेगळ्याच काळातली होईल.

‘जलदूत’ ज्या मार्गानं आली, त्याच मार्गाची जुनी कथा मात्र रिव्हेटचीच आहे. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर हा बार्शी लाईट रेल्वेचा रस्ता. रूळ अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीचे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं ही रेल्वे उभी केली. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. १९११ मध्ये गाडी निजामाच्या राज्यातल्या लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये मिरजेला. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारनं ही कंपनी ताब्यात घेतली. पुढे रुंदीकरण झालं आणि छोटी लाईन टप्प्याटप्प्यानं उखडली गेली. लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याला तेव्हाही रेल्वे नव्हती, आजही नाही. तालुक्यातल्या माणसाला गाडी धरायची तर लातूरच्या बाजूला जावं लागतं. तरीही लातूर जिल्ह्यातल्या ज्येष्ठांच्या बोलण्यात ‘बार्शी लाईट’ अजून जिवंत आहे.

कॅलथ्रॉपच्या वाघिणी त्या काळातल्या छोट्या रेल्वेच्या मानानं फार पुढच्या होत्या. रुळांवर एका आसाचा भार पाच टनांपेक्षा जास्त पडू द्यायचा नाही हे त्यानं आधी ठरवलं आणि गाड्यांची सगळी आखणी त्या आकड्याभोवती केली. सांगाडा सरसकट २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद ठेवला. सॅमसन फॉक्सच्या लीड्स फोर्ज कंपनीची दाबीव पोलादाची पद्धत या सांगाड्यांना वापरली गेली. त्याआधीची पद्धत अशी, की सपाट पट्ट्या आणि अँगल एकमेकांना रिव्हेटनं जोडून तुळई बांधायची. फॉक्सच्या पद्धतीत तापवलेला पत्रा हायड्रॉलिक प्रेसमध्ये दाबला की कडा दुमडून अख्खी तुळई एका तुकड्यात तयार व्हायची. त्यामुळे मधले अँगल गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या रिव्हेटच्या रांगाही गेल्या. सांगाड्याचं वजन घटलं, आणि वाचलेलं वजन मालाला मिळालं.

मॉडेल करणाऱ्यानं नेमकं इथे थांबायला हवं. जुनी गाडी आहे, तेव्हा सगळीकडे रिव्हेट असणारच असं धरून दाबीव तुळईवर वरपासून खालपर्यंत ठिपके उमटवले, तर ज्या गोष्टीसाठी ही रेल्वे जगभरच्या छोट्या गाड्यांच्या अभ्यासकांना माहीत आहे, तीच पुसली जाते. सांधा असेल तिथेच रिव्हेट असतो. सांधा कुठे आणि का, हे कळल्याशिवाय हाताला काम देऊ नये.

रिव्हेटचं काम समजायला सोपं आहे. कारखान्यांत आणि गॅरेजांत ज्याला ‘रिपीट’ म्हणतात तोच हा. दोन पत्र्यांना आरपार भोकं पाडायची, लालभडक तापवलेला रिव्हेट त्यात घालायचा, एका बाजूनं त्याचं डोकं भक्कम टेकवून धरायचं आणि दुसऱ्या बाजूचं टोक हातोड्यानं किंवा प्रेसनं ठोकून तिकडेही डोकं करायचं. रिव्हेट थंड होताना आखडतो आणि दोन्ही पत्र्यांना आवळतो. या जोडाची ताकद त्या आवळण्यात आहे. म्हणून पत्र्याच्या कडेला, तुळई जिथे आडव्या तुळईला भेटते तिथे, दाराच्या बिजागऱ्यांच्या पट्ट्यांवर आणि कोपऱ्यातल्या त्रिकोणी पत्र्यांवर रिव्हेटची गर्दी दिसते, आणि पत्र्याच्या मधोमध काहीच नसतं.

आता मापं पाहू. १६ मिलिमीटर जाडीच्या रिव्हेटचं गोल डोकं साधारण २५ मिलिमीटर व्यासाचं आणि ११ मिलिमीटर उंचीचं असतं. १:८७ मध्ये त्याचा व्यास होतो ०.२९ मिलिमीटर, उंची ०.१३ मिलिमीटर. खसखशीच्या दाण्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. दोन रिव्हेटमध्ये तीन इंच अंतर असेल, तर मॉडेलवर ते ०.८८ मिलिमीटर येतं. कॅलथ्रॉपचा २५ फुटी सांगाडा पावणेनऊ सेंटिमीटरचा होतो आणि तेवढ्या लांबीवर एका सरळ रांगेत शंभराच्या आसपास ठिपके बसतात. त्यातला एक जरी रेषेबाहेर गेला, तरी तो आधी डोळ्यांत भरतो.

बार्शी लाईटच्या मॉडेलला या प्रमाणात एक मोठा फायदा मिळतो. ७६२ मिलिमीटरला ८७ नं भागलं की ८.७६ मिलिमीटर येतात आणि बाजारात ९ मिलिमीटर रुंदीचे तयार रूळ मिळतात. फरक केसाएवढा. भारतीय ब्रॉडगेजची अडचण मात्र खरी आहे. १६७६ मिलिमीटरचे १:८७ मध्ये १९.२६ मिलिमीटर होतात आणि तयार रूळ मिळतात १६.५ मिलिमीटरचे. म्हणजे ‘जलदूत’ करणाऱ्याला दोन चाकांमधल्या अंतरात तडजोड करावी लागते, आणि बार्शी लाईट करणारा जवळजवळ बरोबर मापात राहू शकतो. लातूर-सोलापूर पट्ट्यातल्या हौशी माणसानं छोट्या लाईनपासून सुरुवात करावी, याला हे एकच कारण पुरे आहे.

रिव्हेट उमटवण्याची सगळ्यांत जुनी पद्धत पत्रा मागून दाबण्याची. ०.१३ मिलिमीटर जाडीचं पॉलिस्टायरीन किंवा पातळ पितळी पत्रा घ्यायचा, उलटा ठेवायचा आणि बोथट सुईनं मागून दाबायचा. पुढच्या बाजूला गोल उंचवटा येतो. उलट्या बाजूनं काम चालतं म्हणून आराखडाही आरशातल्यासारखा उलटा लागतो. डाव्या-उजव्या बाजू वेगळ्या असलेल्या वाघिणीत हे ध्यानात राहिलं नाही, तर अख्खी बाजू वाया जाते. परदेशात यासाठी छोटी प्रेस मिळते. तिला खोली रोखणारा अटकाव असतो आणि पत्रा ठरावीक अंतरानं पुढे सरकवणारा स्क्रू. सगळे ठिपके एकाच उंचीचे येतात ते त्या अटकावामुळे. नुसत्या हाताच्या दाबावर ते साधत नाही.

ही साधनं निलंग्याच्या बाजारात मिळणार नाहीत, पण काम अडत नाही. थंड पेयाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो आणि या कामाला छान चालतो. तो कापून सपाट करायचा, खाली जाड पुठ्ठा घ्यायचा, पोलादी पट्टी घट्ट धरायची. समान अंतरासाठी घड्याळ दुरुस्तीच्या दुकानातलं मोडीतलं दातेरी चाक कामी येतं. १५ मिलिमीटर व्यासाच्या चाकाला ६० दाते असतील, तर परीघ ४७ मिलिमीटर, म्हणजे दोन दात्यांत ०.७८ मिलिमीटर. हे प्रत्यक्षातल्या ६८ मिलिमीटरच्या बरोबरीचं अंतर आहे. चाक पट्टीच्या कडेनं फिरवलं की खुणांची रांग तयार होते. मग त्या प्रत्येक खुणेत बोथट सुई टेकवून ठिपका गोल करायचा. शिंप्याकडचं खुणांचं चाक मात्र या प्रमाणाला फार विरळ पडतं.

दुसरी पद्धत गेल्या काही दशकांत रूढ झाली, ती डेकलची. पारदर्शक पातळ फिल्मवर रेझिनचे उठावदार ठिपके आधीच छापलेले असतात. आर्चर या अमेरिकन कंपनीच्या नावानं ही पद्धत हौशी मंडळींत ओळखली गेली. हवी तेवढी पट्टी कापून पाण्यात भिजवायची आणि पेन्सिलनं आखलेल्या बारीक रेषेवर कुंचल्यानं सरकवत न्यायची. तयार मॉडेलची बाजू न तोडता, आहे त्या पृष्ठभागावर रिव्हेट चढवता येतात हा तिचा मोठा गुण. पृष्ठभाग चकचकीत आणि स्वच्छ हवा, नाहीतर फिल्मखाली हवा अडकून चंदेरी डाग पडतात. फिल्मची कड रंगाखाली दिसू नये म्हणून पट्टी शक्य तितकी अरुंद कापावी. पत्र्याच्या सांध्यालगत लावता आली तर कड आपोआप लपते. वाळल्यावर प्रायमरचा एक हलका थर दिला की ठिपके पक्के होतात.

एखाद-दुसरा रिव्हेट तुटला असेल, तर पांढऱ्या डिंकाचा सूक्ष्म थेंब सुईच्या टोकानं ठेवणं पुरतं. अलीकडे रेझिनच्या थ्रीडी छपाईत संपूर्ण बाजू रिव्हेटसकट निघते. छपाईचा थर ०.०५ मिलिमीटरचा असला, तर ०.१३ मिलिमीटर उंचीचा रिव्हेट दोन-तीन थरांतच संपतो; तो घुमटासारखा येतो की पायरीसारखा, हे बाजू कोणत्या कोनात ठेवून छापली त्यावर ठरतं.

रंगाबद्दल हौशी मंडळी पुरेशी काळजी घेत नाहीत. रंगाच्या दोन-तीन जाड थरांनी ०.१३ मिलिमीटरचा उंचवटा सहज बुजतो. दिवसभर खपून केलेल्या रांगा कुंचल्याच्या एका हातात गेलेल्या असतात. एअरब्रश असेल तर उत्तम, नसेल तर रंग पातळ करून थोडा थोडा द्यावा.

रिव्हेट दिसत नाहीत म्हणून ते मुद्दाम मोठे करणं ही दुसरी नेहमीची चूक. ६० सेंटिमीटरवरून १:८७ चं मॉडेल पाहणं म्हणजे खरी वाघीण ५२ मीटरवरून पाहणं. तेवढ्या अंतरावर २५ मिलिमीटरचं डोकं निरोगी डोळ्याला जेमतेम कळतं, तेही ऊन तिरपं असलं तर. मॉडेलवर रिव्हेट लांबूनच ठसठशीत दिसत असतील, तर ते मोठे झालेले आहेत. चांगल्या कामात ते जवळ गेल्यावर, उजेड बाजूनं पडल्यावर उलगडतात.

वेल्डिंग आणि रिव्हेट यांतली सीमारेषा जगभर अशीच तपासली जाते. अमेरिकेत पुलमन-स्टँडर्ड कंपनीनं १९४७ पासून बनवलेल्या पीएस-१ जातीच्या बंद वाघिणींच्या बाजू वेल्डिंगच्या होत्या, तर त्याच काळात इतर कारखान्यांतून रिव्हेटच्या वाघिणी निघत होत्या. एकाच मालगाडीत दोन्ही शेजारी शेजारी धावत, आणि तिकडचे मॉडेल करणारे नुसत्या बाजूवरून कारखाना ओळखतात. भारतात पेरांबूरच्या कारखान्यानं १९५५ पासून पूर्ण वेल्डिंगचे प्रवासी डबे बनवायला घेतले. मालवाघिणींतही वेल्डिंग पसरत गेलं, तरी आजच्या वाघिणींच्या काही जोडांत रिव्हेट सापडतात. म्हणून अमुक सालानंतर रिव्हेट नाहीत असा ठोकताळा चालत नाही. त्या विशिष्ट वाघिणीचा फोटो किंवा आराखडा हाती असावाच लागतो.

तो कुठे मिळेल? नागपूरच्या मोतीबाग इथल्या संग्रहालयात अडीच फुटी छोट्या रेल्वेची खरी वाहनं ठेवलेली आहेत. रूळ बार्शी लाईटच्याच रुंदीचे असल्यानं सांगाड्याचा जोड, बोगी आणि दाराच्या पट्ट्या हातभर अंतरावरून पाहता येतात. पुण्यात कोथरूडला जोशींचं रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींचं संग्रहालय १९९८ पासून आहे. चालत्या गाड्यांची मांडणी कशी असते आणि कोणत्या अंतरावरून काय दिसतं, हे तिथे समजतं. फोटो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी घ्यावेत. दुपारच्या उभ्या उन्हात उंचवट्यांच्या सावल्या पडत नाहीत. चौकटीत एक मोजपट्टी ठेवावी, म्हणजे नंतर मापं काढता येतात. रेल्वेच्या यार्डात मात्र परवानगीशिवाय शिरू नये, तो रेल्वे कायद्यानं गुन्हा आहे.

बार्शी लाईटच्या वाघिणींची माहिती एका जागी बांधलेली नाही. ती कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, लातूर, पंढरपूर, मिरज इथल्या घरांत विखुरलेली आहे. रेल्वेत नोकरी केलेल्या आजोबांच्या ट्रंकेत, वारीला निघताना फलाटावर काढलेल्या कौटुंबिक फोटोच्या मागच्या कोपऱ्यात. असा फोटो घरात असेल, तर त्यातल्या माणसांबरोबर मागची वाघीणही पाहा. तो जास्तीत जास्त रेझोल्यूशनवर स्कॅन करून ठेवा, मागे साल आणि स्टेशन लिहा, आणि गावातल्या वाचनालयाला एक प्रत द्या. दाराच्या पट्टीवर किती रिव्हेट होते, याचं उत्तर कदाचित तुमच्याच अल्बममध्ये आहे.