परदेशी गिऱ्हाईक आणि जकातीचा बोजा

देवळा तालुक्यातील उमराण्याच्या बाजारात उन्हाळ कांदा लिलावास नेणाऱ्या आमच्या वाचकांस जकात ही बंदरावरची, व्यापाऱ्याने पाहून घ्यावयाची बाब वाटत आलेली आहे. 2023 साली हा समज साफ खोटा ठरला. त्या वर्षी 19 ऑगस्ट रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर शेकडा 40 जकात बसविली आणि जिल्ह्यातील लिलाव काही दिवस बंद पडले. 8 डिसेंबरास निर्यातच थांबली. 4 मे 2024 रोजी ती पुन्हा खुली झाली खरी, परंतु शेकडा 40 जकात आणि टनास 550 डॉलर किमान दर ही दोन ओझी तिच्या पाठीवर होतीच. 13 सप्टेंबर 2024 रोजी किमान दर उठला व जकात शेकडा 20 झाली. ती पूर्णपणे उठण्यास 1 एप्रिल 2025 उजाडावा लागला.

तेव्हा जे शेतकरी गट अडत्यास वगळून परदेशी गिऱ्हाइकाशी स्वतः व्यवहार करू पाहतात, त्यांनी जकातीचा हिशेब आधी समजून घ्यावा असे आम्हांस वाटते. निर्यातजकात आकारली जाते ती बीजकात दाखविलेल्या, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या, किमतीवर. बीजक 100 रुपयांचे आणि जकात शेकडा 40 असेल तर विकणाऱ्याच्या हाती 60 उरतात. त्यांतूनच गोणी, हमाली व बंदरापर्यंतचे भाडे. पदरात पूर्वीइतकेच 100 पडावेत म्हटले तर बीजक 166 रुपये 67 पैशांचे करावे लागते. इतका भाव गिऱ्हाईक देणार नाही, हे सांगावयास ज्योतिषी नको. मग फरक निघतो कोठून? लिलावातल्या बोलीतून.

याहून बारीक गोष्ट दिवसाची आहे. 1962 च्या सीमाशुल्क कायद्याच्या 16 व्या कलमाप्रमाणे, अधिकारी माल चढविण्याची परवानगी देईल त्या दिवशीचा दर लागू होतो, सौदा ठरला त्या दिवशीचा नव्हे. माल उमराण्याहून निघून न्हावाशेव्यास पोहोचेपर्यंत नवी जकात बसली तर ती विकणाऱ्याच्या बोकांडी बसते. म्हणून करारात एक ओळ अवश्य असावी: सौद्यानंतर बसलेली अथवा वाढलेली जकात कोणी सोसावयाची. ही ओळ घालावयास खर्च काही येत नाही.

आता पलीकडच्या किनाऱ्याकडे वळू. माल बोटीत चढेपर्यंतचा भाव ठरला, त्यास व्यापारी एफओबी म्हणतात. त्यात विमा व बोटभाडे मिळविले की सीआयएफ. या दोहोंत आयातजकात गिऱ्हाइकाने भरावयाची असते. डीडीपी म्हणजे जकातीसह घरपोच, आणि नवख्याने या वाटेस जाऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे; परक्या देशाचा दर बदलला तर नुकसान देवळ्यात येते. बहुतेक देश आयातजकात सीआयएफ किमतीवर धरतात. कांदा वजनाने जड व किमतीने हलका, म्हणून भाड्याचा वाटा मोठा आणि त्या भाड्यावरही जकात चढते.

शिवाय सगळीकडे जकात शेकड्यानेच असते असे नाही. श्रीलंका कांद्यावर दर किलोस ठरावीक रुपये घेत आली; तो आकार 2024 च्या डिसेंबरात 30 वरून 10 श्रीलंकी रुपयांवर आला. असा आकार मालाचा भाव पडल्यावर अधिक जाचतो, कारण तो भावाबरोबर उतरत नाही. बांगलादेशाने 2024 च्या नोव्हेंबरात आपली शेकडा 5 सीमाजकात 15 जानेवारी 2025 पर्यंत माफ केली. गंमत अशी, की त्या हिवाळ्यात गिऱ्हाइकाने आपले दार उघडले होते आणि आमच्याच दारात शेकडा 20 द्यावे लागत होते!

मालाचे वर्गीकरणही जपावे. ताजा कांदा 0703 मध्ये आणि वाळवलेला 0712 मध्ये मोडतो. आकडा चुकला की दर चुकतो आणि माल अडतो. करारातील सवलतीचा दर हवा असल्यास उगमाचा दाखला मालाबरोबर लागतो, मागाहून धावाधाव करून पुष्कळदा उपयोग होत नाही.

घरच्या मसाल्याचे वा मनुकांचे लहान पार्सल अमेरिकेस पाठविणाऱ्या भगिनींनाही हे लागू आहे. 800 डॉलरपर्यंतच्या मालास तेथे असलेली जकातमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून संपली आणि आपल्या टपाल खात्यास तिकडची बहुतेक पार्सले काही काळ बंद ठेवावी लागली. 15 ऑक्टोबर 2025 पासून ती पुन्हा सुरू झाली, ती पार्सल देतानाच येथे जकात भरून घेण्याच्या रीतीने. अमेरिकेतील गिऱ्हाइकास किंमत कळविण्यापूर्वी ती रक्कम त्या दिवशी टपाल कचेरीत विचारून घ्यावी, आणि अन्नपदार्थाची पूर्वसूचना तेथील अन्नखात्यास द्यावी लागते तीही विसरू नये.