करार ११ महिन्यांचा, वाय-फायचा प्लॅन १२ महिन्यांचा? भाड्याच्या घरात ब्रॉडबँड घेण्याआधी हे वाचा

हिंजवडी, वाकड, बाणेर, खराडी... पुण्याच्या आयटी पट्ट्यात भाड्याचा फ्लॅट बघताना पाणी, पार्किंग आणि डिपॉझिटची चौकशी सगळेच करतात. इंटरनेटचा विषय मात्र सामान लावून झाल्यावर निघतो. सोमवारी सकाळी ऑफिसची मीटिंग असते, त्यामुळे जो एजंट पहिला फोन उचलेल त्याच्याकडून 'वर्षाचे पैसे भरा, एक महिना फ्री' असा प्लॅन घेतला जातो.

वर्षाचा प्लॅन स्वतःच्या घरात राहणाऱ्याला परवडतो. भाडेकरूला मात्र घर कधी सोडावे लागेल, भिंतीला भोक पाडता येईल का आणि बिल्डिंगमध्ये कोणाची लाइन आहे, हे आधी पाहावे लागते. स्पीडचा विचार त्यानंतर.

बिल्डिंगमध्ये कोणाची लाइन आहे?

कंपनीच्या वेबसाइटवर पिनकोड टाकल्यावर 'सेवा उपलब्ध' असे दिसते. त्याचा अर्थ त्या भागात सेवा आहे, तुमच्या फ्लॅटपर्यंत वायर येईलच असे नाही. काही सोसायट्यांमध्ये एक-दोनच कंपन्यांच्या वायरी आत आलेल्या असतात. नव्या कंपनीला सोसायटीची परवानगी लागते आणि त्यात दिवस जातात. दूरसंचार नियामक ट्रायने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीनुसार रेटिंग देण्याची नियमावली आणली आहे. तरी सध्या खात्रीचा मार्ग एकच, वॉचमन आणि त्याच मजल्यावरचे शेजारी. 'कोणाचे नेट आहे?' यापेक्षा 'पावसाळ्यात किती वेळा जाते आणि माणूस किती दिवसांनी येतो?' हे विचारा.

फ्लॅट बघतानाच हॉलमध्ये किंवा दाराच्या वर जुनी फायबरची वायर आहे का, तेही पाहा. आधीच्या भाडेकरूची वायर शाबूत असेल तर त्याच कंपनीचे कनेक्शन लवकर सुरू होऊ शकते आणि नवे ड्रिलिंग वाचते. ड्रिलिंग लागणार असेल तर घरमालकाची परवानगी व्हॉट्सअॅपवर का होईना, लेखी घ्या. घर सोडताना 'भिंत खराब केली' म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापले जाण्याचा प्रश्न मग येत नाही.

फायबर घरात येते की जिन्यापर्यंतच?

'फायबर ब्रॉडबँड' या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एका प्रकारात काचेची बारीक तार थेट तुमच्या घरातल्या बॉक्सपर्यंत येते. दुसऱ्या प्रकारात फायबर इमारतीपर्यंत येते आणि तिथून जिन्यातल्या किंवा गच्चीवरच्या स्विचमधून साधी लॅन केबल घरात दिली जाते. काही स्थानिक केबलवाल्यांकडे ही पद्धत अजून आहे.

फरक कळतो वीज गेल्यावर. पहिल्या प्रकारात वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागत नाही. त्यामुळे घरातल्या राउटरला छोटा यूपीएस लावला तरी नेट चालू राहू शकते. दुसऱ्या प्रकारात जिन्यातला स्विच बंद पडला, की तुमच्या यूपीएसचा काही उपयोग नाही. पुण्यात महावितरणची देखभालीची कामे साधारणपणे गुरुवारी निघतात. घरून काम करणाऱ्याने हा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ त्रास वाचतो.

स्पीड नेमका किती हवा?

नुसत्या 'ब्रॉडबँड' या शब्दावर जाऊ नका. सरकारी व्याख्येनुसार २ एमबीपीएसचे कनेक्शनही ब्रॉडबँडच असते. २०२३ पूर्वी तर ही मर्यादा ५१२ केबीपीएस होती.

जाहिरातीतला आकडा मेगाबिटमध्ये असतो, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात आणि १ जीबीच्या फाइलला साधारण ८० सेकंद लागतात.

आता गरज मोजू. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरेसे मानते. चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ कॉलला ३ ते ४ एमबीपीएस लागतात. तीन जणांच्या फ्लॅटमध्ये दोघे कॉलवर आणि तिसरा फोर-केमध्ये मॅच बघतोय असे धरले, तरी बेरीज २५ एमबीपीएसच्या आत राहते. ४० ते १०० एमबीपीएसचा प्लॅन अशा घराला पुरतो. ३०० एमबीपीएससाठी जादा पैसे मोजण्याआधी मोठ्या फाइल रोज पाठवायच्या आहेत का, हे स्वतःला विचारा.

अपलोड स्पीड मात्र जरूर विचारा. कॉलवर तुमचा आवाज तुटतो तेव्हा बऱ्याचदा डाउनलोडऐवजी अपलोड कमी पडत असते. शिवाय 'अनलिमिटेड' प्लॅनलाही मर्यादा असते. ३३०० जीबीच्या आसपासच्या मासिक मर्यादेनंतर स्पीड उतरवणारे प्लॅन बाजारात आहेत. सामान्य घराला हा डेटा पुरून उरतो, पण ज्या प्लॅनची मर्यादा याहून बरीच कमी आहे तिथे सावध राहा.

वर्षाचा प्लॅन खरेच स्वस्त पडतो का?

समजा, प्लॅन महिन्याला ७०० रुपयांचा आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ८२६ रुपये होतात. वर्षाचे ९,९१२ रुपये एकदम भरले तर वर एक महिना मोफत, म्हणजे फायदा ८२६ रुपयांचा.

पण सातव्या महिन्यानंतर घर सोडावे लागले आणि पैसे परत मिळाले नाहीत, तर? सात महिन्यांसाठी तुम्ही ९,९१२ रुपये मोजलेत, महिन्याला १,४१६. महिन्याच्या प्लॅनवर हाच खर्च ५,७८२ रुपये झाला असता. ८२६ रुपये वाचवायला गेलात आणि ४,१३० रुपये बुडाले.

त्यामुळे नियम सोपा ठेवा. करारात लॉक-इन किती महिन्यांचा आहे ते पाहा आणि त्यापेक्षा मोठ्या मुदतीचा प्लॅन घेऊ नका. मोठा घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी आधी लेखी विचारा. नव्या पत्त्यावर कनेक्शन हलवता येते का? त्याचे शुल्क किती? नव्या ठिकाणी सेवा नसेल तर उरलेले पैसे परत मिळतात का?

वायरच नको असेल तर?

५जी सिग्नलवर चालणारे घरगुती इंटरनेट, म्हणजे एअरफायबर, देशात २०२३ मध्ये सुरू झाले. एअरटेलने ऑगस्टमध्ये आणि जिओने सप्टेंबरमध्ये ही सेवा आणली. फायबर न पोहोचलेल्या इमारतींसाठी हा चांगला पर्याय आहे. मात्र यातही काही वेळा खिडकीबाहेर किंवा गच्चीवर बॉक्स लावावा लागतो, म्हणजे परवानगी आलीच. टॉवरवरचा भार वाढला की स्पीडही खालीवर होतो. बुकिंगआधी त्याच कंपनीचे ५जी सिम असलेला मित्राचा फोन घेऊन रात्री नऊच्या सुमारास फ्लॅटमध्ये ट्रायच्या 'मायस्पीड' अॅपवर स्पीड मोजा. नेमका अंदाज नाही, पण कल्पना येते.

कनेक्शन कोणाच्या नावावर घ्यायचे?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. हाच करार पत्त्याचा पुरावा म्हणून कामी येतो. आधीच्या भाडेकरूच्या नावावरचे कनेक्शन 'चालू आहे तर चालू दे' म्हणून वापरू नका. बिल, राउटर आणि त्या लाइनवरून झालेले व्यवहार यांची चौकशी आधी नावावर असलेल्या माणसाकडे होते. रूममेट्समध्ये एकाच्या नावावर घेणार असाल, तर तो आधी निघाला तर काय करायचे हे आजच ठरवा.

घर सोडताना काय करायचे?

रिचार्ज थांबवला म्हणजे कनेक्शन बंद झाले, असे नाही. बंद करण्याची विनंती अॅपवर किंवा ईमेलने करा, राउटर परत दिल्याची पावती घ्या आणि डिपॉझिट खात्यात येईपर्यंत ती जपून ठेवा.

पैसे अडकले तर आधी कंपनीच्या तक्रार केंद्रातून तक्रार क्रमांक घ्या. तिथे काम झाले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. वैयक्तिक तक्रारी ट्राय सोडवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

टोकन देण्याआधी विचारा

• बिल्डिंगमध्ये कोणत्या कंपन्यांची लाइन आहे?
• फायबर घरापर्यंत आहे की जिन्यापर्यंत?
• ड्रिलिंगला घरमालकाची परवानगी आहे का?
• करारातला लॉक-इन आणि नोटीस किती महिन्यांची?
• आधीच्या भाडेकरूचे कनेक्शन बंद झाले आहे का?